तिकिटं काढून ठेवलीत आणि तिकडे पेटलंय: जायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात काश्मीरची तयारी चालली होती. लहानमोठी मिळून अकरा माणसं. भुसावळहून झेलम एक्सप्रेसची ३ मेची तिकिटं मार्चमध्येच काढली होती. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघायचा म्हणून लोकरीचे मोजे आणवून ठेवले होते. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमधल्या अतिरेकी हल्ल्याची बातमी आली. २६ माणसं गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्या रात्री घरात कोणाला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वेगळीच ओढाताण सुरू झाली. दीर म्हणाले, "आता बंदोबस्त इतका वाढेल की याच्याइतकी सुरक्षित वेळ नाही." नणंदेचा अमळनेरहून फोन आला, "वहिनी, पोरांना घेऊन गेलीस तर माझ्याशी बोलू नको." ह्यांना पैशांची काळजी. माई काहीच बोलेनात, पण मोजे परत पेटीत गेलेले मी पाहिले. तीन दिवस सगळे बोलत होते आणि ठरत काही नव्हतं, कारण ठरवायची रीतच कोणाकडे नव्हती. चौथ्या दिवशी मी पोरांची शंभर पानी वही घेतली आणि लिहायला बसले. त्या वहीतून आणि पुढे सप्टेंबरात माझा भाऊ काठमांडूत अडकला तेव्हा जे शिकायला मिळालं त्यातून ही रीत तयार झाली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. "तिथे सुरक्षित आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याला कोणीच खरं उत्तर देऊ शकत नाही, सरकारही नाही. उत्तर मिळेल असा प्रश्न हा आहे: तिथे अडकलो, तर माझी ही माणसं कोणत्या वाटेनं, किती दिवसांत आणि कोणाच्या मदतीनं घरी येतील? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

पहिली पायरी: धोका कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

"तिकडे वातावरण खराब आहे" या एका वाक्यात आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. बंद आणि चक्काजाम आधी जाहीर होतात. त्यात जिवाला धोका कमी, पण रस्ता अडतो आणि गाडी चुकते. दंगल किंवा हिंसक आंदोलन ठरावीक पेठांत, ठरावीक चौकांत होतं आणि रात्री वाढतं. त्यापासून लांब राहता येतं. अतिरेकी हल्ल्याची पूर्वसूचना नसते आणि तो गर्दीच्या, पर्यटकांच्या जागा शोधतो, म्हणून तिथे "आम्ही काळजी घेऊ" याला फारसा अर्थ उरत नाही. युद्धाचं सावट आलं की आधी विमानतळ बंद होतात. आणि सरकारच कोसळलं तर पोलीस कोण, आदेश कोणाचा, हेच दोन दिवस कळत नाही.

आर्थिक घडी मोडल्यामुळे आलेली अशांतता हा आणखी एक प्रकार. २०२२ मध्ये श्रीलंकेत पेट्रोल-डिझेलसाठी रांगा लागल्या होत्या. अशा ठिकाणी जमावापेक्षा "गाडीत तेल आहे का" हा प्रश्न मोठा असतो.

वहीत पहिली ओळ म्हणून आपल्या ठिकाणचा धोका यापैकी कोणता, ते लिहा. दोन असतील तर दोन लिहा. आम्ही लिहिलं होतं: हल्ला झालाय, युद्धाची शक्यता आहे. एवढं कागदावर आल्यावर दिरांचं बंदोबस्ताचं म्हणणं अर्धंच खरं आहे हे त्यांनाही पटलं. चौकातल्या बंदोबस्तानं विमानतळ उघडा राहत नाही.

दुसरी पायरी: नकाशावर अंतर बघा, आणि मग वाटा मोजा

आपण खानदेशातले लोक हे सहज समजू शकतो. २०२३ च्या जूनमध्ये अमळनेरला संचारबंदी लागली, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी जळगावात राहणाऱ्यांनाही फोन करून "घरात धान्य आहे ना?" विचारलं. जळगावात बाजार नेहमीसारखा चालू होता. दुरून बघणाऱ्याला गाव आणि जिल्हा एकच दिसतो. आपणही हीच चूक करतो. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं आणि लोकांनी मेघालयच्या सहलींबद्दल शंका काढल्या, कारण आपल्या डोक्यात ईशान्य भारत म्हणजे एकच प्रदेश. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाची सीमेवर लढाई झाली. ती थायलंडच्या पूर्वेकडच्या सीमाभागात होती आणि आपली बहुतेक माणसं जातात ते फुकेत, क्राबी दक्षिणेला समुद्रकाठी.

म्हणून आधी अंतर बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. पहलगाम श्रीनगरपासून सुमारे ९० किलोमीटर आहे. तरीही श्रीनगरात बसलेल्या माणसाला बाहेर पडायला वाटा किती? विमानतळ, आणि जम्मूकडे उतरणारा एक मुख्य महामार्ग. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि श्रीनगरचं विमानतळ बंद झालं. पुढच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातली ३२ विमानतळं बंद होती, ती १२ मेला पुन्हा उघडली. त्या काळात काश्मीर खोऱ्यातल्या पर्यटकाला उरला तो मुख्यतः हा रस्ता. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी पावसानं तो महामार्गही उद्ध्वस्त झाला आणि सफरचंदांचे ट्रक वाटेत कुजले. आपल्याकडे केळीला रॅक, म्हणजे मालगाडी, मिळाली नाही की काय होतं हे ज्यांनी सावद्या-रावेरला पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवटी रेल्वेनं बडगामहून सफरचंदांसाठी पार्सल गाडी सुरू केली.

म्हणजे जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत धावायला लागल्यावर त्या खोऱ्यातून बाहेर पडायची तिसरी वाट तयार झाली. माझ्या हिशोबात ही फार मोठी गोष्ट आहे. लेहचंही असंच बघा: श्रीनगरकडून आणि मनालीकडून येणारे दोन मुख्य रस्ते, दोन्हींवर हिवाळ्यात बर्फ, आणि विमानतळ. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये हिंसाचार झाला, चार जण दगावले, संचारबंदी लागली, मोबाईल इंटरनेट बंद झालं. अशा वेळी ज्यानं परतीच्या दोन्ही वाटा आधी पाहून ठेवल्या असतील तो शांत राहू शकतो.

नियम सोपा ठेवा. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या परतीच्या किमान दोन वाटा असल्याच पाहिजेत. एकच असेल आणि धोका जिवंत असेल, तर ठिकाण कितीही सुंदर असो, आत्ता नको.

तिसरी पायरी: विचारायचं कोणाला आणि काय

परदेशात जायचं असेल तर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाची सूचना वाचा. शब्द नीट बघा. "सावध राहा", "अनावश्यक प्रवास टाळा" आणि "प्रवास करू नका" या तीन वेगळ्या सूचना आहेत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पातळी देतं. ब्रिटनच्या सूचनेत देशातला नेमका कोणता भाग टाळायचा तेही दिलेलं असतं. ते देश आपल्या नागरिकांसाठी जरा जास्तच जपून बोलतात, म्हणून त्यांची पातळी जशीच्या तशी उचलू नका. पण कोणता जिल्हा, कोणता रस्ता हे कळायला त्या सूचनांचा फार उपयोग होतो. देशातल्या ठिकाणासाठी त्या जिल्ह्याच्या प्रशासनाची आणि पोलिसांची अधिकृत समाजमाध्यम खाती बघा. रस्ता बंद, शाळा बंद, इंटरनेट बंद हे तिथे आधी येतं.

मग फोन. इथे बहुतेकांची चूक होते. आपण हॉटेलवाल्याला विचारतो, "सब ठीक है ना?" आणि तो म्हणतो, "सब ठीक है." तो खोटारडा असतो असं नाही. त्याचं वर्षभराचं पोट त्या दोन महिन्यांवर असतं, आणि त्याच्या गल्लीत खरंच सगळं ठीक असतं. म्हणून मत विचारू नका, डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी विचारा.

२६ एप्रिलला मी श्रीनगरच्या आमच्या हॉटेलवाल्या भाईंना फोन केला. आधी त्यांनीच हल्ल्याबद्दल दुःख सांगितलं. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या दुकानदारांनी स्वतःहून बंद पाळला होता, ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मग म्हणाले, "दीदी, आप आइए, हम हैं." मी विचारलं, आज तुमच्याकडे किती खोल्या भरलेल्या आहेत? बावीसपैकी दोन. शेवटचे पाहुणे कधी गेले, कोणत्या रस्त्यानं? काल पहाटे, विमानानं. मुलगी शाळेत गेली का? इथे ते थांबले. म्हणाले, "नहीं दीदी, उसकी अम्मी नहीं भेज रही." त्या एका वाक्यानं मला जे कळलं ते टीव्हीवरच्या तीन दिवसांनी कळलं नव्हतं. तिथली आई आपल्या पोरीला चार गल्ल्यांपलीकडे पाठवत नाही, तर मी माझी दोन पोरं भुसावळहून घेऊन जाऊ का?

हेच प्रश्न लिहून घ्या. शाळा भरतात का. दुकानं संध्याकाळी किती वाजता बंद होतात, आणि नेहमी किती वाजता होतात. सरकारी बस चालू आहे का. आपल्याकडेही गडबड झाली की एसटी आधी आगारात उभी राहते, ती खूण सगळीकडे लागू पडते. पेट्रोल मिळतं का. मोबाईलवर इंटरनेट आहे का. गाडीवाल्याला वेगळं विचारा: काल कुठे गेला होतास, नाक्यावर किती वेळ थांबवलं, रात्री गाडी काढशील का? हॉटेलवाला आणि गाडीवाला यांची उत्तरं जुळत नसतील तर गाडीवाल्याचं खरं धरा, कारण तो रस्त्यावर असतो.

तिसरा माणूस तिथला मराठी माणूस. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत, आणि जळगावच्या सराफ बाजारात कोणाची ना कोणाची त्यांच्याशी ओळख निघतेच. त्यांना धंद्यामुळे शहराची नाडी कळते आणि तुम्हाला बोलावण्यात त्यांचा काही फायदा नसतो. एक विनंती मात्र करते. आपल्या गावचा जवान तिकडे तैनात असेल तर त्याला "आतली बातमी" विचारू नका. तो सांगू शकत नाही आणि आपण विचारून त्याला अडचणीत टाकतो.

व्हिडिओंबद्दल थोडंच सांगते. मे २०२५ च्या त्या आठवड्यात जुने, दुसऱ्या देशांतले, अगदी व्हिडिओ गेममधले तुकडेही ताजे म्हणून फिरत होते. तारीख, जागा आणि पाठवणाऱ्याचं नाव या तीनही गोष्टी कळत नसतील तर तो व्हिडिओ निर्णयातून बाद. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर एकदा बघून घ्या.

चौथी पायरी: घरातली माणसं एकेक करून लिहा

धोका सगळ्यांना सारखा नसतो. वहीत प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे तीन गोष्टी: सामान घेऊन दोन किलोमीटर चालता येईल का, रोजची औषधं कोणती, आणि चार दिवस एका खोलीत राहावं लागलं तर कसं होईल. माईंना साखर आणि रक्तदाब आहे, गुडघे दुखतात. बैसरनला मोटर जात नाही, चालत नाहीतर घोड्यावरच जावं लागतं. तिथून पळायची वेळ आली तर माई काय करतील, हा विचार मला बोलून दाखवायलाही जड गेला, पण करावा लागला. गटाची ताकद ही त्यातल्या सगळ्यात अशक्त माणसाएवढी धरायची. तरुण पोरं पाचजण जात असतील तर हाच धोका त्यांना पेलेल, आणि त्यात काही चूक नाही.

दुसरं असं की प्रत्येकाला "नको" म्हणायचा हक्क द्या आणि त्याचं कारण विचारू नका. आमच्याकडे बायका आणि म्हातारी माणसं मनातलं बोलत नाहीत, "तुम्ही ठरवा" म्हणून मोकळी होतात. मी सगळ्यांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या. अकरातल्या सात चिठ्ठ्यांत "नको" होतं. त्यातली एक दिरांच्या अक्षरातली होती.

पाचवी पायरी: पैशांचा हिशोब आधी, म्हणजे तो मध्ये येणार नाही

बुडणाऱ्या पैशांची भीती माणसाला नको तिथे घेऊन जाते. म्हणून रक्कम लिहून काढा: आज रद्द केलं तर किती जातील, उद्या केलं तर किती, निघायच्या दिवशी किती. मोघम "लाखभर बुडतील" यापेक्षा कागदावरचा आकडा जवळपास नेहमीच लहान निघतो.

रेल्वेचं सोपं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे पैसे फार काळ अडकत नाहीत. आपण रद्द केलं तर वेळेनुसार कापतात. रेल्वेनंच गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि आपण चढलो नाही, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण परतावा मागता येतो.

विमानाचं तिकीट घाबरून पहिल्या तासात रद्द करू नका. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसरं उड्डाण हा आपला हक्क आहे. आपण रद्द केलं तर मात्र तिकिटाच्या अटी लागतात. मोठी घटना झाली की विमान कंपन्या बहुधा एक-दोन दिवसांत शुल्क माफ करतात. पहलगामनंतर श्रीनगरच्या तिकिटांना काही कंपन्यांनी तशी सवलत दिलीही होती. घाई केलेल्यांचे पैसे कापले गेले.

प्रवास विम्याचं पत्रक काढा आणि "काय मिळणार नाही" तो भाग आधी वाचा. युद्ध आणि नागरी अशांतता बहुतेक पत्रकांत वगळलेली असते. अतिरेकी हल्ल्याचं संरक्षण कधी असतं, कधी जादा पैसे भरून घ्यावं लागतं. गडबड सुरू झाल्याची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या गडबडीला लागू होत नाही. आणि "भीती वाटली म्हणून गेलो नाही" याला विमा कंपनी पैसे देत नाही. म्हणून विमा काढायचा तर तिकिटं काढली त्याच आठवड्यात.

यात्रा कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी तर लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊच नये. आपल्याकडे आचारी, भांडी, किराणा सगळं बसमध्ये घालून चारधाम, नेपाळ करणाऱ्या छोट्या यात्रा कंपन्या खूप आहेत, त्यातल्या कित्येक प्रामाणिक आहेत. पण माझ्या मावशीची रक्कम अशाच एकानं "पुढच्या वर्षी नेतो" म्हणून वर्षभर अडकवली. पावतीवर एवढं लिहून घ्या: सरकारनं ठिकाण बंद केलं तर किती परत, आम्ही रद्द केलं तर किती, तारीख पुढे ढकलली तर काय, आणि वाटेत अडकलो तर जादा दिवसांचा खर्च कोणाचा. ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

हॉटेलवाल्याला पैसे परत मागण्याआधी तारीख पुढे ढकलायचं विचारा. आमच्या भाईंनी आगाऊ रक्कम तशीच ठेवून "जब आप चाहें" म्हटलं. त्यांचं पोट चालतं, आपला पैसा राहतो.

सहावी पायरी: रेषा आधी आखा

वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे. डोकं शांत असताना, निघायच्या काही दिवस आधी, कोणत्या गोष्टी घडल्या तर जायचं नाही हे लिहून ठेवायचं आणि मोठ्यांनी खाली सही करायची. ऐनवेळी, बॅगा भरलेल्या असताना, पोरं नाचत असताना माणूस स्वतःला काहीही पटवून देतो.

आमची रेषा अशी होती. सरकारनं आमच्या यादीतली ठिकाणं बंद केली तर रद्द. परतीच्या वाटांपैकी एक बंद झाली तर रद्द. तिथली शाळा निघायच्या तीन दिवस आधीपर्यंत नीट भरली नाही तर तारीख पुढे. घरातल्या तिघांहून जास्त जणांनी "नको" म्हटलं तर चर्चा न करता रद्द. चिठ्ठ्यांनी ती शेवटची रेषा २६ तारखेलाच ओलांडली होती, तरी ह्यांनी आणि दिरांनी तीन दिवस मागून घेतले. २९ एप्रिलला जम्मू-काश्मीर सरकारनं ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. त्या संध्याकाळी तिकिटं रद्द केली, कोणी वाद घातला नाही.

पुढे ७ मेला जे झालं त्यामुळे लोक म्हणाले, बरं झालं गेला नाहीत. पण काहीच झालं नसतं तरी तो निर्णय बरोबरच होता. निर्णय हा त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर जोखायचा असतो.

सातवी पायरी: जायचं ठरलं तर

रेषेच्या आत असाल तर खुशाल जा, आणि तयारी मात्र पूर्ण ठेवा.

रोजची औषधं ठरल्यापेक्षा सात दिवसांची जास्त, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. रोख पैसे दोन-तीन जणांकडे विभागून. इंटरनेट बंद झालं की फोनवरून पैसे देणं थांबतं. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते, ती घरीच चालू करून बघा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून किमान दोघांकडे पोस्टपेड हवं. नेपाळला विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारच्या भरवशावर राहू नका. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. परदेशात पोहोचल्यावर दूतावासाचा नंबर कागदावर लिहून खिशात. देशात कुठेही ११२.

खाण्याचं आपल्याकडे शिकवावं लागत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव, गूळ. पण ते पहिल्या दिवशी गाडीत संपवू नका, चार दशम्या आणि अर्धी चटणी शेवटपर्यंत राखून ठेवा.

नव्या गावात उजेडी पोहोचा. राहायची जागा मुख्य चौक, सरकारी इमारती आणि मोर्चे निघतात ते मैदान यांपासून लांब, पण बाहेर पडायच्या रस्त्याजवळ घ्या. जमावबंदी म्हणजे काय तेही लक्षात ठेवा: पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. अकरा पर्यटकांचा घोळकाही त्यात येतो. जवानांचे, नाक्यांचे फोटो काढू नका.

आणि रात्रीचा प्रवास. हे मी जोर देऊन सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळमध्ये बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले, त्यातले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ परिसरातले यात्रेकरू. तिथे ना दंगल होती ना हल्ला, आणि वेळही दिवसाची होती. आमच्या भागात त्या दिवसांत घरोघरी शांतता होती, ती अजून आठवते. डोंगरातला रस्ता नेहमीच धोक्याचा असतो, आणि अशांततेत तो जास्त होतो, कारण बंदमुळे सहा तास वाया गेले की वेळ भरून काढायला चालक रात्रभर गाडी हाकतो, अनोळखी वळणरस्ता धरतो. निघतानाच चालकाला सांगा: उशीर झाला तर मुक्काम वाढेल, गाडी रात्री चालणार नाही. त्या जादा मुक्कामाचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

तिथे असतानाच भडकलं तर

सप्टेंबर २०२५. माझा भाऊ चार मित्रांबरोबर काठमांडूत होता. ८ तारखेला तरुणांच्या मोर्चावर गोळीबार झाला, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद पेटली, विमानतळ बंद झालं. त्यांचं विमान १० चं होतं. दोघा मित्रांचा हट्ट, आत्ताच विमानतळाकडे निघू, तिथे सुरक्षित असतं. गेस्टहाउसच्या मालकानं दारात उभं राहून अडवलं. त्या दिवशी धोका रस्त्यावर होता, आणि बंद विमानतळाच्या दारात गर्दी सोडून काही नव्हतं.

त्यांनी जे केलं ते चांगलं केलं, म्हणून सांगते. वीज होती तोवर सगळे फोन चार्ज केले. बादल्या भरून ठेवल्या. रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत गेले, दिवे कमी केले. घरी एकच संदेश केला: कुठे आहोत, कोण कोण आहोत, पुन्हा किती वाजता बोलू. दूतावासाच्या नंबरवर नावं कळवली. मग एक फोन चालू ठेवून बाकीचे बंद केले. त्या रात्री सैन्य रस्त्यावर आलं. जेवण आईच्या दशम्यांचं. १० ला संध्याकाळी विमानतळ उघडलं, पण तिकिटांचा गोंधळ होता. त्यांच्याकडे दुसरी वाट लिहिलेली होती: संचारबंदी सैल झाल्यावर दिवसाउजेडी रस्त्यानं सीमेवरचं सुनौली, तिथून गोरखपूर, आणि गोरखपूरहून कुशीनगर एक्सप्रेस, जी थेट भुसावळला येते. मालकानं ठरवून दिलेल्या गाडीनं ते तसेच आले.

या अनुभवातून घ्यायचं ते क्रमानं असं. आधी आत राहा. मग कळवा. मग थांबा, निदान एक रात्र. अधिकृत सूचना आणि तिथल्या माणसाचं म्हणणं जुळलं की उजेडात निघा. जमाव बघायला गच्चीत जाऊ नका, व्हिडिओ काढू नका. संचारबंदीत निघावं लागलं तर तिकीट आणि ओळखपत्र हातात धरा, नाक्यावर गाडी हळू करा, आतला दिवा लावा.

घरी राहणाऱ्याचं काम

प्रवासाला न जाणारं एक शहाणं माणूस नेमा. त्याच्याकडे एक कागद: सगळ्यांची नावं, रक्तगट, फोन, हॉटेलचे आणि गाडीवाल्याचे नंबर, रोजचा मुक्काम, परतीच्या दोन्ही वाटा. रोज रात्री आठला एक फोन. आला नाही तर लगेच घाबरायचं नाही, कारण रेंज नसते. सकाळी दहापर्यंतही आला नाही तर हॉटेलला, मग गाडीवाल्याला, मग त्या जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला किंवा दूतावासाला, याच क्रमानं. आणि हे काम एकानंच करायचं. वीस नातेवाईक एकदम फोन करू लागले की अडकलेल्या माणसाची बॅटरी संपते.

दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही गेलो. भुसावळहून दिल्ली, तिथून कटरा, पुढे वंदे भारत. त्याआधी तोच फोन, तेच प्रश्न. या वेळी भाई हसून म्हणाले, "स्कूल गई है दीदी, आज तो परीक्षा है." रेषेतली एकही गोष्ट ओलांडली गेली नव्हती. पांपोरला केशराची फुलं वेचायचं काम चाललं होतं. बर्फ लांबच्या शिखरांवरच दिसला, तरी माईंनी ते लोकरीचे मोजे आठही दिवस घातले. घरचा कागद नणंदेकडे होता. रोज आठला फोन लावला की पहिल्या रिंगलाच उचलायची आणि आधी विचारायची, "माईनं गोळी घेतली का?"